राजारामपुरीच्या चढावर औषधाची वही

कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर उतरलो तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. इचलकरंजीहून आम्ही चौघे आलो होतो. महिला मंडळाच्या दोघी, लूमवर काम करणारा एक तरुण आणि हे लिहिणारे आम्ही. बरोबर पिशवीत चपात्या, वांग्याची कोरडी भाजी आणि एक कोरी वही. जून लागायला आठ-दहा दिवस होते, पण वळवाने आदल्या रात्रीच हजेरी लावली होती. परीख पुलाखाली घोट्याएवढे पाणी साचले होते. वर रेल्वेचे रूळ आणि खाली रिक्षा, सायकली, शाळेच्या पोरी, भाजीची हातगाडी. सारे त्या पाण्यातून वाट काढत होते. पूल पार केला की राजारामपुरी लागते. आमच्यातल्या एक बाई साडीचा काठ पिळत म्हणाल्या, "एवढ्याशा पाण्याला लोक नाक मुरडत्यात. आमच्या घरात छातीएवढं हुतं."

त्या छातीएवढ्या पाण्यासाठीच आम्ही इथवर आलो होतो.

राजारामपुरी ही कोल्हापूरची मुद्दाम आखून वसवलेली वस्ती. शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम महाराज १९२२ साली गादीवर आले. त्यांच्या कारकिर्दीत ती उभी राहिली आणि त्यांचेच नाव तिला मिळाले. जुन्या पेठांतल्या बोळांसारखी इथे वाट चुकत नाही. मधोमध मोठा रस्ता आणि त्याला फुटलेल्या गल्ल्या. पहिली, दुसरी, पाचवी, आठवी असे आकडे मोजत गेले की घर सापडते. जातीवरून किंवा धंद्यावरून गल्लीला नाव नाही, नुसता आकडा. आमच्या लोकांना हे बरे वाटते. 'कुठल्या आळीचे?' या प्रश्नामागे काय दडलेले असते ते आमच्या वाचकांना सांगायला नको. अर्थात आकड्यांच्या गल्ल्या संपल्या की मातंग वसाहत आहे, पुढे दौलतनगर आहे, राजेंद्रनगर आहे. आखणी करणाऱ्याने सगळ्यांनाच आखले नव्हते, हे चालत गेल्यावर पायांना कळते.

जनता बझार चौकाकडे जाताना रस्ता हळूहळू चढतो. कोल्हापूरच्या पुरात या चढाला फार किंमत येते. पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्याजवळ मोजतात. ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. सुतारवाडा, शाहूपुरीची कुंभार गल्ली, दुधाळी, बापट कॅम्प, जयंती नाल्याकाठची घरे पाण्यात गेली. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग जवळजवळ आठवडाभर बंद पडला. खालचे शहर बुडाले तेव्हा राजारामपुरी उंचावर कोरडी होती. पण नळ कोरडे पडले तेही सगळ्यांचेच. नदीकाठची उपसा केंद्रेच पाण्यात गेल्यावर उंचावरचा माणूस पिण्याच्या पाण्यासाठी टँकरच्या रांगेत उभा राहिला. पूर उतरणीला राहणाऱ्याचाच असतो असे समजणाऱ्यांना त्या आठवड्यात घागर घेऊन उभे राहावे लागले.

आता आमची गोष्ट सांगतो. आमची वस्ती इचलकरंजीत नदीच्या अंगाला. २०१९ साली आम्ही सहा दिवस एका शाळेत होतो. खायला कमी पडले नाही. कुठून कुठून ट्रक आले. भाकरी आली, साड्या आल्या, बिस्किटे तर इतकी आली की पोरांनी ती नंतर बघवेनाशी झाली म्हणून सोडून दिली. औषधेही आली, खोकी भरभरून. खोकल्याच्या बाटल्या, ताकदीच्या गोळ्या, मलमे. आमच्या शेजारच्या मावशींना साखरेचा आजार. रोज दोन वेळा इन्सुलिनचे इंजेक्शन. घर सोडताना त्यांनी सून आणि नातवंडे बाहेर काढली, कागदपत्रांची पिशवी काढली, बाबासाहेबांचा फोटो काढला, आणि इन्सुलिनची बाटली फ्रीजमध्ये तशीच राहिली. शिबिरात औषध वाटणाऱ्यांना त्यांनी सांगितले. ते म्हणाले, "आजी, ह्यातलं काय पाहिजे ते घ्या." त्या खोक्यांत इन्सुलिन नव्हते. चौथ्या दिवशी मावशी ग्लानीत गेल्या. पोरांनी ट्रॅक्टरवर घालून त्यांना दवाखान्यात नेले. जीव वाचला. पण पुराच्या पाण्यातून चालताना उजव्या पायाला जखम झाली होती, ती चिघळली आणि दोन बोटे काढावी लागली.

दुसरी गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. त्याच शाळेत एक तरुण गडी होता. क्षयाच्या औषधाचा त्याचा तिसरा महिना चालू होता. गोळ्या पुरात गेल्या. तो कोणालाच बोलला नाही. एका खोलीत चाळीस माणसे झोपलेली. टीबी आहे म्हटले तर बायका आपापली पोरे उचलून दुसऱ्या कोपऱ्यात जातील, हे त्याला ठाऊक होते. नऊ दिवस त्याच्या पोटात गोळी नव्हती. क्षयाचे औषध मधेच सुटले तर जंतू त्या औषधाला जुमानेनासा होण्याची भीती असते, हे आज आमच्या वस्तीत शाळकरी पोरालाही माहीत आहे. तेव्हा गड्यालाही माहीत होते. तरी तो गप्प बसला.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. करोनाची दुसरी लाट पुरती ओसरलीही नव्हती. तेव्हापासून मंडळात एकच बोलणे चालू होते. भाकरीची सोय लोक करतात, ती होते. औषधाची सोय आधी कशी करायची? आमच्यातल्या एका बाईंचे भाऊजी राजारामपुरीत औषधाच्या दुकानात पंचवीस वर्षे फार्मासिस्ट आहेत. ते म्हणाले, "फोनवर कशाला? या इकडं. मी काय बघितलंय ते दावतो."

राजारामपुरीच्या मोठ्या रस्त्यावर कपड्यांची दुकाने, सोन्याची दुकाने, वड्याच्या गाड्या आणि त्यांच्यामध्ये मधून मधून औषधाची दुकाने. गल्ल्यांत डॉक्टरांच्या पाट्या. खेड्यापाड्यांतून आलेली माणसे हातात फाईल आणि एक्स-रेचे पाकीट घेऊन पायरीवर बसलेली. आम्ही भाऊजींच्या दुकानात गेलो तेव्हा ते एका म्हातारबाबांना समजावत होते, "ही सकाळची, ही रातची. रातचीवर मी चांद काढलाय बघा." चिठ्ठीवर खरेच पेनाने चंद्रकोर काढलेली होती. ज्याला अक्षर येत नाही त्याला चांद येतो. आमच्या वहीतले पहिले टिपण हेच.

मग त्यांनी २०१९ चे सांगितले. पाणी उतरायला लागल्यावर राज्यभरातून औषधे आली. देणाऱ्यांची मने मोठी, त्यात शंका नाही. पण खोकी उघडली तर अर्ध्या कापलेल्या पट्ट्या. नाव एका तुकड्यावर, तारीख दुसऱ्यावर, आणि दुसरा तुकडा नाहीच. डॉक्टरांना मिळणारे नमुने. तारीख उलटलेली सिरपे. कुणाच्या घरातल्या गेलेल्या माणसाची उरलेली हृदयविकाराची औषधे. "आम्ही पाच जण दोन रात्री नुसतं निवडत बसलो," भाऊजी म्हणाले. "त्या दोन रात्रीत आम्ही वस्त्यांवर गेलो असतो तर?"

हे कोल्हापुरातच झाले असे नाही. युरोपात बोस्नियाचे युद्ध झाले तेव्हा १९९२ ते १९९६ या काळात मदत म्हणून आलेल्या औषधांपैकी सुमारे १७ हजार टन माल निरुपयोगी निघाला, असा हिशेब पुढे जाणकारांनी मांडला. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ साली औषधदानाचे नियमच घालून दिले. मागितल्याशिवाय पाठवू नका. लोकांनी परत केलेली औषधे आणि नमुने पाठवू नका. औषध पोहोचेल तेव्हा त्याची मुदत निदान वर्षभर शिल्लक असावी. हे नियम कागदावर तीस वर्षे आहेत आणि आम्ही मात्र अजून पूर आला की घरातला औषधाचा डबा रिकामा करून ट्रकमध्ये टाकतो. आमच्या मंडळानेही २०१९ नंतर दुसऱ्या एका गावाला असेच एक खोके पाठवले होते, हे इथे कबूल करतो.

"मग आम्ही पोरांनी औषध वाटायचंच नाही का?" आमच्या तरुणाने जरा तडकूनच विचारले.

भाऊजींनी त्याला काउंटरच्या आत बोलावले आणि एका पट्टीवरची तांबडी रेघ दाखवली. ही रेघ असलेले औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचे नाही. १९४० चा औषध कायदा आहे, त्याखालची नियमावली आहे. पूर आला म्हणून मूत्रपिंड बदलत नाही आणि पोटातले मूलही बदलत नाही. मग त्यांनी तीन बोटे उभी केली. "कुणाला काय द्यायचं हे डॉक्टर आणि सरकारी दवाखाना ठरवणार. मोजून, नाव घालून, पुडी बांधणार मी. आणि ती पुडी नेमक्या माणसाच्या हातात पडली का, त्यानं गिळली का, हे बघणार तू. माझं काम तुला जमणार नाही, आणि तुझं काम मला जमणार नाही. कुठल्या घरात कोण निजून आहे हे मला काय ठाऊक?"

हे तिसरे काम हलके नाही. त्याचा मोठा पुरावा १९७१ सालचा आहे. बांगलादेश युद्धाच्या वेळी बंगालच्या सीमेवर बनगावला निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली. डॉ. दिलीप महालनबीस तिथे काम करीत होते. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, माणसे जमिनीवर पडलेली, नर्स अपुऱ्या. त्यांनी मीठ, साखर आणि सोडा यांची पाकिटे बांधायला लावली, ती पाण्यात कालवून पिंपांत भरली आणि पाजायचे काम रोग्यांच्या नातेवाइकांवर सोपवले. आई मुलाला पाजते आहे, भाऊ भावाला पाजतो आहे. त्या छावणीत शंभरांतले तीसेक मरत होते, ते प्रमाण चारच्याही खाली आले. आज आपण दुकानातून ओआरएसचे पाकीट आणतो, त्याच्यामागे त्या अडाणी समजल्या गेलेल्या नातेवाइकांचे हात आहेत. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले. पद्मविभूषण त्यांना मरणानंतर मिळाले.

आपल्याकडेही हे नवीन नाही. १९७७ नंतर हिवतापाच्या नव्या योजनेत गावोगाव तापाच्या गोळ्यांची केंद्रे निघाली. ती कोणाकडे? शाळामास्तरांकडे, दुकानदाराकडे, गावातल्या विश्वासाच्या माणसाकडे. क्षयाच्या कार्यक्रमातही रोजची गोळी समोर बसून द्यायला शेजारच्या माणसाला नेमता येते. २०२० च्या करोनात धारावीत महापालिकेने तिथल्याच खासगी डॉक्टरांना बरोबर घेतले. त्यांचा शब्द वस्तीत चालत होता म्हणून लोक तपासणीला पुढे आले.

दुपारी आम्ही महापालिकेच्या आरोग्य केंद्रात गेलो. तिथल्या सिस्टर जेवायला बसल्या होत्या. आमच्या चपात्या आम्ही त्यांच्या डब्याशेजारी ठेवल्या आणि बोलणे सुरू झाले. त्यांनी २०१९ चा आणि २०२१ चा, दोन्ही पूर बघितलेले. पूर ओसरल्यावर लेप्टोची भीती असते, म्हणून पाण्यातून चाललेल्यांना डॉक्सीसायक्लिनची गोळी देतात. पण ती सरसकट वाटायची नाही. आठ वर्षांखालच्या पोरांना नाही, गरोदर बाईला नाही. त्यांच्यासाठी डॉक्टर दुसरे औषध ठरवतात. उपाशीपोटी घेऊन लगेच आडवे व्हायचे नाही, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची. "आणि बाई तोंडानं सांगत नाही की मला दिवस गेलेत," सिस्टर म्हणाल्या. "सासू शेजारी उभी असली तर अजिबात नाही. तिथं मला आशाताई लागते, नाहीतर तुमच्यासारखी मंडळातली बाई लागते. तिला आधीच ठाऊक असतं."

पाणी शुद्ध करायच्या गोळ्यांचेही त्यांनी सांगितले. एका वस्तीत लोकांनी त्या गोळ्या तोंडात टाकून गिळल्या. गोळी म्हणजे गिळायची, एवढेच माहीत. चूक गिळणाऱ्याची नाही. वाटणारा हातात टेकवून पुढे गेला. गोळी किती पाण्याला, हे वेष्टनावर असते. ते वाचून दाखवायचे, टाकल्यावर अर्धा तास थांबायचे, आणि पहिली घागर आपण स्वतः करून दाखवायची.

आमच्या मनात एक प्रश्न होता, तो आम्ही भीतभीत विचारला. वाटपात वस्ती बघून पुढे-मागे होते का? सिस्टर क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मुद्दाम करतंय असं नाही. पण गाडी चांगल्या रस्त्यानं जाती. रस्ता संपला की गाडी थांबती. आणि रस्ता कुठं संपतो, ते तुम्हाला ठाऊकच हाय."

ठाऊक आहे. फार जुने ठाऊक आहे. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत काठेवाडच्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकिगत दिली आहे. १९२९ साली ती वृत्तपत्रात आली होती. शिक्षकाची बायको बाळंत झाली आणि आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. मोठ्या मिनतवारीने आला तो या अटीवर की बाईला वस्तीबाहेर आणावे. ताप मोजायची नळी त्याने एका मुसलमान माणसाच्या हातात दिली, त्याने शिक्षकाच्या हातात दिली, शिक्षकाने बायकोला लावली. परत त्याच वाटेने नळी डॉक्टरकडे गेली. डॉक्टरने तिला हात लावला नाही. औषध पाठवले, पण पुन्हा तो आला नाही. ती बाई मेली. औषध होते, डॉक्टर होता, फक्त मधले दोन हात अंतर होते. आम्ही हे सिस्टरांना सांगितले तेव्हा त्यांनी डबा बाजूला सारला. काही बोलल्या नाहीत.

या अंतराच्या उलट वागलेली माणसेही आपल्याच मातीत झाली. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातले प्लेग झालेले पोर पाठीवर घेतले आणि डॉक्टर मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात पोहोचवले. त्याच संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. आणि त्याच्या कितीतरी आधी भगवंतांनी आनंदाला बरोबर घेऊन, आपल्याच मळात पडलेल्या आजारी भिक्खूला स्वतः आंघोळ घातली होती. बाकीच्या भिक्खूंनी त्याला टाकले होते, कारण तो कुणाच्या उपयोगाचा नव्हता. आमच्या विहारात वर्षावासात ही कथा दर वर्षी सांगतात. ऐकताना सगळ्यांचे डोळे भरतात. शाळेतल्या त्या कोपऱ्यात तो क्षयाचा गडी बसला होता तेव्हा हीच कथा ऐकलेली चाळीस माणसे त्याच खोलीत होती. आम्हीही होतो.

संध्याकाळी चारच्या सुमारास आम्ही राजेंद्रनगरकडे गेलो. तिथल्या एका महिला मंडळाशी भाऊजींची ओळख. पत्र्याच्या सावलीत सतरंजी घातली. 'जयभीम' झाले, चहा झाला आणि वही उघडली. वहीवरून मात्र चांगलेच वाजले.

आमच्या मंडळाचा बेत असा होता. पावसाळ्याआधी घरोघर फिरून लिहायचे. कुणाला रोजचे कोणते औषध, किती दिवसांचे शिल्लक, चिठ्ठी कुणाची. राजेंद्रनगरच्या एक वयस्क ताई, धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या, एकदम म्हणाल्या, "रोगाचं नाव वहीत लिहायचं न्हाई." आमच्या बाई म्हणाल्या, "नाव नसंल तर औषध आणायचं कसं?" ताईंनी सांगितले, करोनात घरावर पट्टी लावली होती, माणूस बरा झाला, पट्टी निघाली, तरी त्या घरच्या बाईला तीन घरांनी कामावर परत घेतले नाही. "वही उद्या कुणाच्या हातात जाईल? माझ्या पोराचं लगीन ठरंल का? एचआयव्हीचं कोण असंल तर तो तुमच्या वहीत नाव देईल का? तो दार लावून घेईल."

दोन्ही बाजूंनी बोलणे वाढले. आम्हाला आधी वाटले की ताई उगीच आडवे लावताहेत. नंतर तो शाळेतला गडी आठवला. तो वहीत नाव देता? नसता दिला.

शेवटी वाट निघाली ती भाऊजींच्या दुकानातल्या सवयीतून. वहीत रोग लिहायचा नाही. वहीत फक्त घर, माणूस आणि 'रोजचे औषध आहे' एवढी एक खूण. कसले औषध ते एका जाड कागदावर, डॉक्टरच्या चिठ्ठीची प्रत आणि रिकामी पट्टी घडी घालून, प्लॅस्टिकच्या पिशवीत. ती पिशवी ज्याची त्याच्याकडेच, दाराजवळच्या खुंटीला, रेशनकार्डाबरोबर. पूर आला की माणूस बाहेर पडताना पिशवी गळ्यात. शिबिरात आल्यावर ती पिशवी त्याने फक्त सिस्टर किंवा फार्मासिस्टच्या हातात द्यायची. आमच्या पोरांनी ती उघडायची नाही. पोरांनी विचारायचे ते एवढेच, "पिशवी हाय न्हवं?" आणि हे विचारायचे सगळ्यांना, नुसत्या खूण असलेल्यांना नव्हे. म्हणजे कोण वेगळा ते कळत नाही.

इन्सुलिनवाल्यांची वेगळी अडचण. पुरात वीज जाते, फ्रीज म्हणजे नुसते कपाट. भाऊजींनी सांगितले की चालू बाटली सावलीत, फार तापू न देता ठेवली तर साधारण चार आठवडे टिकते. न फोडलेली बाटली मात्र गारव्यात हवी. त्यासाठी मडक्यात दुसरे छोटे भांडे ठेवायचे, मधे ओली वाळू, वर ओले फडके. बर्फाला चिकटवून ठेवायची नाही. गोठली की वाया. राजेंद्रनगरच्या पोरी हसल्या, "आमच्या आजीचा माठच की!" आजी खरेच तिथे बसलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माठ हाय, पण वाळू आता विकत आणावी लागती."

एक गोष्ट सुटली नाही, ती लिहून ठेवतो. औषधाचा आगाऊ साठा. सरकारी दवाखान्यातून क्षयाचे, एचआयव्हीचे औषध २०२० च्या टाळेबंदीत एकदम जास्त दिवसांचे देण्याची मुभा झाली होती. पावसाळ्यात नदीकाठच्या रोग्यांना तशीच आगाऊ द्यावीत, अशी आमची मागणी. सिस्टर म्हणाल्या होत्या, वरून हुकूम आला तर आम्ही एका पायावर देतो. बी.पी., साखरेची औषधे विकत घेणाऱ्यांचे काय? रोजावर काम करणारा माणूस पंधरा दिवसांच्या गोळ्या आगाऊ घेईल कशाच्या जिवावर? भाऊजी मालकाशी बोलतो म्हणाले. मंडळाने भीमजयंतीच्या वर्गणीतून उरलेली रक्कम त्याला लावावी का, यावर आमचे एकमत नाही. आमच्या तरुणाचे म्हणणे लावावी. आम्हाला वाटते लावावी, पण सरकारच्या अंगावरची जबाबदारी आपण उचलली की सरकार ती विसरते, हेही खरे.

निघताना साडेसहा वाजले. आभाळ भरून आले होते. सागरमाळाकडून वारा सुटला आणि मोठे थेंब पडायला लागले. भाऊजींनी दुकानातून पंचवीस जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या आणल्या, वरून चेन लावायच्या, आणि पैसे घेतले नाहीत. "ह्या पहिल्या पंचवीस घरांच्या. बाकीच्या तुम्ही घ्या."

परीख पुलाखाली आता पाणी गुडघ्याला लागत होते. रिक्षावाला यायला तयार होईना, म्हणून आम्ही चालतच पार केले. आमच्या तरुणाने वही शर्टाच्या आत घातली होती. स्टँडवर इचलकरंजीची गाडी लागलेलीच होती. खिडकीशी बसल्यावर त्याने वही काढून बघितली, कोरडी होती. पहिल्या पानावर त्याने मावशींचे घर लिहिले, पुढे खूण केली. दुसऱ्या ओळीवर स्वतःच्या घराचा नंबर घातला, त्याच्यापुढेही खूण केली आणि वही मिटली. आम्ही काही विचारले नाही. तिकीट काढायला कंडक्टर आला होता.